दहाव्या ओळीतला आकडा

दत्ता,

तार मीच नेली तुझ्या घरी. तुझ्या मुंबईच्या संशोधन संस्थेच्या फॉर्मवर घरचा पत्ता म्हणून तू आमच्या शाळेचा पत्ता देऊन ठेवला होतास, हे मला ती तार हातात पडेपर्यंत माहीत नव्हतं. वाडीवर पोस्टमन आठवड्यातून एकदा चढतो, पावसात तेवढाही नाही, म्हणून दिला असशील. दुसरा तास चालू होता. शिपाई दारात येऊन उभा राहिला. मी तार वाचली, फळ्यावरचं अर्धं समीकरण पोरांना पुरं करायला सांगितलं आणि निघालो. हेडमास्तरांना विचारायलाही थांबलो नाही. महाडच्या स्टँडवर पोलादपूरची गाडी लागलेलीच होती.

पोलादपूरपासून वाडीपर्यंतची चढण तू पस्तीस मिनिटांत चढायचास आणि वर माझी थट्टा करायचास. मला त्या दिवशी सव्वा तास लागला. काकी, तुझी आई, खाचरात होत्या. लावणी अर्ध्यावर आली होती. डोक्यावर इरलं, हातात रोपांची जुडी. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वसंता, आज शाळा नाय?"

मी नाही म्हटलं. त्यांनी हातातली रोपं लावून संपवली, पाय धुतले आणि मग बांधावर आल्या. तुला कावीळ झाल्याचं त्यांना कळवलेलं होतं, उतार पडतोय असंही नंतर कळवलं होतं. मुंबईत तुझ्या काकांनी सगळं उरकलं. तुझ्या आईला तुझं तोंड बघायला मिळालं नाही. मलाही नाही.

शाळेच्या वार्षिक अंकासाठी हेडमास्तरांनी तुझ्यावर एक पान मागितलं. माजी विद्यार्थी, डोंगरातल्या वाडीतून आलेला, पदार्थविज्ञानात संशोधन करणारा, वगैरे. जन्म, शिक्षण, पदव्या असं सगळं ओळीनं लिहून दिलं. ते वाचून तू पोट धरून हसला असतास. हे पान त्या अंकासाठी नाही. तुझ्याशी माझं एक बोलणं अर्धवट राहिलंय, आणि ते अर्धवट राहण्यात दोष सगळा माझा आहे.

आधी आपल्या दोघांचं जे कधी बोललो नाही ते सांगून टाकतो. मॅट्रिकला मी शाळेत पहिला होतो आणि तू दुसरा. मुंबईला कॉलेजात आपण एका खोलीत राहिलो, तिथंही पहिली दोन वर्षं गणितात मी तुझ्या पुढं होतो. मग बाबांना अर्धांगवायू झाला, मी बी.एस्सी. होऊन परत आलो आणि ज्या शाळेत शिकलो तिथंच मास्तर झालो. तू पुढं गेलास. मी तुझं अभिनंदन केलं, स्टेशनवर हार घातला, गावात सगळ्यांना कौतुकानं सांगितलं. ते कौतुक खरं होतं. पण पोटात दुखत होतं तेही खरं होतं, आणि ते बारा वर्षं दुखत होतं. तुला ते माहीत होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यात तुझं पत्र आलं. आमच्या शाळेची भिंत पडली का, सुमनवहिनी घाबरल्या का, एवढं विचारून खाली लिहिलं होतंस: "मास्तर, एक लांबलचक आकडेमोड आहे. करशील?" संस्थेत नवं गणनयंत्र आलेलं होतं. तुझे सर म्हणत होते की यंत्रावर टाक, एका दुपारचं काम आहे. पण यंत्रापुढं रांग असते आणि आपला नंबर लागेपर्यंत शिमगा येतो, असं तू लिहिलं होतंस. ते कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं. तुला मला या कामात घ्यायचं होतं आणि मेहेरबानी केल्यासारखं दिसू द्यायचं नव्हतं. पत्र वाचून मी ओसरीवर दोन फेऱ्या मारल्या. सुमन म्हणाली, "काय हो, बढती मिळाली की काय?"

काम काय आहे ते तू दोन पत्रांतून समजावलंस आणि मला दोन्ही वेळा कळलं नाही. तिसऱ्यांदा कळलं ते असं. एखादा वायू इतका तापवायचा की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्या फुटलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणायचं. त्यावर लेझरचा प्रकाश सोडायचा. लेझर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच ठेक्यातला प्रकाश. शोधून दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. हेतू असा की प्रकाशानं वायू आणखी तापावा, सूर्याच्या पोटात असतो तितका. पण वायूत आधीच कुठंतरी बारीक लहर असते, थोडी दाट, थोडी विरळ. ती लहर थोडा प्रकाश उलटा फेकते. जाणारा प्रकाश आणि उलटा येणारा प्रकाश मिळून त्या लहरीला ढकलतात, ती वाढते. वाढली की आणखी प्रकाश उलटा फेकते. असं करत करत सगळाच प्रकाश माघारी यायचा आणि वायू तापायचाच नाही. याला तू अस्थिरता म्हणायचास. मी विचारलं, मग सगळं मुसळ केरात? तू लिहिलंस: "नाही रे. हा हिशेब वायू सगळीकडे सारखा दाट धरून केलाय. वायू कुठं सारखा असतो? आपली शेतं कुठं सारखी आहेत?"

दाटपणा जागोजाग बदलत असेल तर जाणारा प्रकाश, उलटा प्रकाश आणि वायूतली लहर या तीन लाटांची पावलं एकाच जागी जुळतात. थोडं पुढं गेलं की चुकतात आणि वाढ थांबते. किती थांबते, तो तुझा प्रश्न. तू धरलेला दाटपणा कौलारू छपरासारखा होता: एका बाजूनं सरळ चढत जाणारा, दुसऱ्या बाजूनं उतरणारा, आणि मधे आढ्यापाशी थोडा गोल. त्यावर एकोणीस जागा घेतल्या होत्यास. प्रत्येक जागेसाठी बारीक बारीक पायऱ्यांची बेरीज, आणि शेवटी एकच आकडा: इथं लहर कितीपट वाढेल. एकोणीस ओळींचा तक्ता.

आमची कामाची पद्धत तुला ठाऊक होती. रविवारी सकाळी ओसरीवर मी लॉगॅरिदमचं पुस्तक घेऊन बसायचो, गणित करायचो. मग सुमन माझा कच्चा कागद मोठ्यानं वाचायची आणि मी पक्क्या कागदावर उतरवायचो. भूमापन कचेरीत असंच करतात: वाचणारा एक, लिहिणारा एक, म्हणजे चूक दोघांच्या हातून निसटत नाही. सुमन सातवी शिकलेली, पण आकडे वाचण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. दर रविवारी दोन ओळी व्हायच्या. एका बाजूनं पहिली, दुसरी, तिसरी अशा पुढं येत गेलो. सगळीकडे वाढ दीडपट, पावणेदोनपट, दोनपट. तुझं म्हणणं खरं होत होतं आणि त्यात माझा हात होता. महाडच्या बाजारात भाजी घेतानाही मी ताठ चालत होतो, असं सुमन म्हणते.

दहावी ओळ आढ्याची होती. त्या रविवारी सुमन वाचता वाचता थांबली. "अहो, हे एकवीस आलंय. आधीच्या ओळीत दोन होतं."

आता लॉगॅरिदमचं असं असतं की पुस्तकात फक्त आकडे मिळतात, दशांशचिन्ह कुठं द्यायचं ते आपलं आपण ठरवायचं. पोरं नेमकी तिथंच घसरतात आणि उत्तर दहापट होतं, नाहीतर दहावा हिस्सा. ही चूक मी वर्षभर लाल शाईनं खोडत असतो. दोनाच्या शेजारी एकवीस बघितलं आणि माझ्या मनात तिळमात्र शंका आली नाही. मी म्हटलं, "पॉइंट चुकलाय. दोन पॉइंट एक लिही." लिहिणारा मीच होतो. तरी 'लिही' म्हणालो, आणि पक्क्या कागदावर उतरवलं दोन पॉइंट एक.

सुमन म्हणाली, "परत करून बघायचं नाही?"

वार्षिक परीक्षेचे पेपर काढायचे होते, शिमगा पंधरा दिवसांवर आला होता आणि तू येणार होतास. "मला दशांशचिन्ह शिकवतेस?" असं मी तिला म्हणालो. हे वाक्य मला आता फार लागतं.

उरलेल्या नऊ ओळींसाठी आम्ही रोज रात्रीही बसलो, त्या शिमग्याच्या आदल्या दिवशी संपल्या. आढ्यापलीकडे वाढ पुन्हा दोनपट, पावणेदोनपट. तक्ता कसा गुळगुळीत, देखणा दिसत होता.

शिमग्याला मी तुझ्या वाडीवर आलो. तू मुंबईची पँट काढून धोतर नेसला होतास आणि पालखीच्या पुढच्या खांद्याला होतास. संशोधक म्हणून तुला कुणी सूट दिली नाही, तूही मागितली नाहीस. पालखी घराघरापुढून फिरत होती. वाट सगळी चढउताराची, पुढचे दोघे एका पायरीवर आणि मागचे दुसऱ्या, त्यामुळं पालखी नुसती डुलत होती. घरापुढच्या सपाट खळ्यात आली की मात्र उधळायची. पालखी हलली की खांदा हलतो, खांदा हलला की पालखी आणखी हलते, आणि बघता बघता चार माणसांना आवरेनाशी होते. तू घामाघूम होऊन माझ्यापाशी आलास, खांदा चोळलास आणि म्हणालास, "बघ रे मास्तर. ह्येच. तीन पत्रं लिवली तुला, त्यापरीस एक शिमगा बरा."

मी म्हटलं, "म्हणजे उतार आहे म्हणून आपण वाचतो."

"उतार हाय तवर. वर देवळापुढं सपाटी लागंल, तवा बघ."

वर देवळापुढं पालखी अशी काय नाचली की मागचा एक जण पडला आणि दुसऱ्यानं धावत येऊन खांदा दिला. लोक ओरडत होते, ढोल वाजत होता. मी तिथं उभा होतो, डोळ्यांनी सगळं बघत होतो आणि खिशात तो तक्ता होता. दुसऱ्या दिवशी तो तुझ्या हातात दिला. "तपासलास ना?" तू विचारलंस. "तीनदा," मी म्हणालो. दहावी ओळ एकदाही तपासलेली नव्हती.

परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले. सुट्टी लागली त्या पहिल्याच सकाळी मी कच्चा कागद काढला. देवळापुढची ती पालखी डोक्यातून जात नव्हती. दहावी ओळ नव्यानं केली. एकवीस. दशांशचिन्हाचा हिशेब वेगळ्या कागदावर मांडला. एकवीस. मग लॉगॅरिदम सोडून साध्या गुणाकारानं केली, त्यात तीन दिवस गेले. एकवीस. आढ्यावर उतार नव्हता, म्हणून तिन्ही लाटांची पावलं लांबवर जुळत होती आणि लहर उधळत होती. माझं पहिलंच गणित बरोबर होतं. चुकलं ते मी दुरुस्त केल्यावर.

सुमनला सांगितलं. तिनं मला टोचून बोलण्याची संधी सोडली. एवढंच म्हणाली, "भाऊजींना लगेच कळवा."

पत्र लिहायला घेतलं. "दत्ता, दहाव्या ओळीत" एवढं लिहून झालं. मग वाटलं, हे वाचून तू हसशील आणि म्हणशील, जाऊ दे मास्तर, होतं असं. आणि पुढच्या वेळी तू यंत्रावर जाशील. ते काही चूक झालं नसतं. यंत्र दशांशचिन्हाला आपल्या अकलेनं हात लावत नाही. पण मग माझं काय राहिलं असतं? रविवारची ओसरी, सुमनचं वाचन, तुझी जाड पाकिटं. बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्या मोठ्या कामाच्या आत होतो. ते हातचं जाईल म्हणून मी पत्र फाडलं. कारण इतकं क्षुल्लक होतं, दत्ता. मी त्याला मोठं करून सांगत नाही.

मे महिन्यात तू चार दिवस आलास. घरी जाण्याआधी महाडला आमच्याकडे उतरलास. सुमननं तुझ्यासाठी भाकरी मुद्दाम करपवली, कारण तुला तशीच आवडायची आणि आणखी कुठं मिळायची नाही. संध्याकाळी आपण सावित्रीच्या काठानं चालत निघालो. तू बारीक झाला होतास. डोळे पिवळे होते का, हे मी आता आठवून आठवून बघतो. ऊन कलतीला लागलं होतं, त्या पिवळ्या उजेडात काही सांगता येत नाही. तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण माझं लक्ष दुसरीकडे होतं.

पुलापाशी तू म्हणालास, "तक्ता झकास आहे. पण आढ्यापाशी काहीतरी व्हायला हवं होतं असं मला वाटतं."

मी म्हटलं, "आकडे तसं म्हणत नाहीत."

"उतार शून्य आहे तिथं, मास्तर."

"आढं अरुंद आहे," मी म्हणालो. "पावलं जुळेपर्यंत पलीकडचा उतार लागतो." हा मुद्दा मी दोन दिवस आधी तयार करून ठेवला होता. मुद्दा वाईट नव्हता. तू थांबून विचार केलास, निदान तसं दाखवलंस. मग दगड उचलून पाण्यात फेकलास आणि विचारलंस, "दहावी ओळ करताना काही अडलं होतं का?"

"नाही."

थोडं पुढं गेल्यावर पुन्हा: "वहिनींनी वाचली होती ना ती?"

"सगळ्या तिनंच वाचल्या."

परतताना चवदार तळ्यापाशी तू मला चहा प्यायला थांबवलंस. आपण दोघं कधी घर एवढं जवळ असताना बाहेर चहा पीत नाही. बशी खाली ठेवून तू म्हणालास, "वसंता, तक्त्यात काही बदलायचं असलं तर अजून वेळ आहे. निबंध पाठवलेला नाही." तू मला कधी वसंता म्हणायचा नाहीस, कायम मास्तर. मी म्हटलं, "काही बदलायचं नाही. तीनदा तपासलंय." तू बरं म्हणालास. मग आपण शाळेतल्या कुणाकुणाची टिंगल करत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पोलादपूरच्या गाडीत बसलास, खिडकीतून हात केलास. तेच शेवटचं.

तेरावा झाल्यावर मी तुझ्या सरांना पत्र लिहिलं. या वेळी फाडलं नाही. इंग्रजीत लिहिलं, चार वेळा सुधारलं. दहाव्या ओळीत एकवीस हवे, दोन पॉइंट एक ही माझी ढवळाढवळ आहे, दत्ताराम यांचा यात काही दोष नाही, निबंध छापला जाण्यापूर्वी आकडा बदलावा. तुझ्या नावावर माझी चूक चिकटू नये, निदान तेवढं तरी करावं, असं वाटत होतं. सुमननं ते पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि पोस्टात टाकायला स्वतः माझ्याबरोबर आली.

आठ दिवसांनी उत्तर आलं, टाइप केलेलं, सोबत तुझ्या निबंधाची प्रत. सरांनी लिहिलं होतं की काळजीचं कारण नाही. आढ्याचा आकडा दत्तारामनं मे महिन्यात गावी जाण्याआधीच यंत्रावर काढून बघितला होता. निबंधात एकवीसच आहे. किंबहुना निबंधाचा गाभाच तो आहे: दाटपणा असमान असला की अस्थिरता आवरली जाते, पण माथ्यावर आवरत नाही. पुढं लिहिलं होतं की गावाहून परतल्यावर दत्तारामनं निबंध पाठवणं महिनाभर थांबवलं. कारण विचारलं तर म्हणाला, "अठरा ओळी माझ्या मित्राच्या आहेत. उरलेली एक तो स्वतः कळवील. कळवली की तीही त्याचीच." पुढं तो दवाखान्यात गेला, तेव्हा सरांनी निबंध तसाच पाठवून दिला.

म्हणजे सावित्रीच्या काठी तू वाद घालत नव्हतास. तुला सगळं ठाऊक होतं. माझा तो तयार केलेला मुद्दा ऐकताना तू जो विचार केलास तो आढ्याचा नव्हता, माझा होता.

मला तुझा राग आला, दत्ता. अजून येतो. असा समजूतदारपणा करायचा नसतो रे. पुलावर मला धरायचं, चार शिव्या द्यायच्या आणि म्हणायचं, खोटारड्या, एकवीस आहेत. मी तोंड लपवलं असतं, चार महिने तुझ्याशी बोललो नसतो, आणि मग दिवाळीला सगळं सुरळीत झालं असतं. तू माझी लाज राखायला गेलास आणि वाट बघत बसलास. तुला काय माहीत होतं की तुझ्याकडे वेळ नाही! दोष तुझा नाही, हे मला कळतं. राग मात्र येतो.

आणि राग ओसरला की असं वाटतं की इतकी वाट माझ्यासाठी दुसऱ्या कुणी बघितली असती? एवढा निबंध, परदेशात छापून यायचा, ज्याच्यावर तुझं पुढचं सगळं अवलंबून, तो तू एका शाळामास्तराच्या एका ओळीसाठी महिनाभर टेबलावर ठेवलास. पहिला कोण आणि दुसरा कोण हे मी उगाच मोजत बसलो. तुझ्या डोक्यात तो हिशेबच नव्हता.

गेल्या रविवारी ती प्रत घेऊन वाडीवर गेलो. काकी पडवीत बसल्या होत्या. लावणी आता सगळी लागली आहे. त्यांनी मला पाणी दिलं आणि कागद बघितले. वाचता येत नाही, पण त्यांनी एकेक पान नीट उलटलं.

"यात दत्ताचं काय हाय?"

"सगळंच त्याचं आहे, काकी." मी वरचं नाव दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"तुजं पण हाय बोलला व्हता."

मी पहिल्या पानाच्या तळाशी दाखवलं.

"बारीक हाय."

"आभार मानलेत. गणितं करून दिली म्हणून."

"मंग बरं झालं की. तोंड कशापाई पाडून बसलायस?"

इथं मी गप्प बसू शकलो असतो. निबंध बरोबर आहे, तुझं नाव स्वच्छ आहे, सरांना सगळं ठाऊक आहे. माझ्या बोलण्यानं कुणाचं काही सुधारणार नव्हतं. काकींना प्लाझ्मा कळणार नव्हता आणि लॉगॅरिदमही नाही. पण तू वाट बघितलीस ती आकड्यासाठी नव्हती, आकडा तुझ्याकडे होताच.

"काकी," मी म्हटलं, "एक गणित बरोबर आलं होतं ते मी बदलून त्याला दिलं. नंतर मला कळलं, तरी सांगितलं नाही. मे महिन्यात त्यानं तीनदा विचारलं. तीनदा मी खोटं बोललो."

काकींनी कागद मांडीवर ठेवले. पडवीच्या कडेला कोंबड्या चिखल उकरत होत्या, त्यांना हात हलवून हाकललं. मग माझ्याकडे बघितलं.

"किती आलं व्हतं?"

"एकवीस."

"आन तू किती लिवलंस?"

"दोन. दोनाच्या वर थोडंसं."

काकींना हिशेब चांगला कळतो. शेताचा सगळा त्याच बघतात.

"लय कमी केलंस रे माज्या पोराचं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

तुला द्यायचं उत्तर एवढंच होतं, दत्ता.